सुटून आलेल्या मामाची इर्जिक

परत येऊन दहा दिवस झाले, नखांतला चिखल अजून गेला नाहीये आणि मला तो घालवायचाही नाहीये. आधीच सांगून टाकते, या प्रवासात किल्ला नाही. राजगड, तोरणा दोन्ही पाच दिवस ढगात होते, एकदासुद्धा तोंड दाखवलं नाही. धबधब्याखालचा फोटोही नाही. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर तर जाऊन आलीस, त्याचं काय प्रवासवर्णन लिहितेस, म्हणून दादा हसला. हसू दे. मी भोर-वेल्ह्याला लहानपणापासून पन्नास वेळा गेले असेन, पण असं एकदाही गेले नव्हते. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर भराभर टाईप करते. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर आधी दत्तामामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. दहा वर्षांची शिक्षा झाली होती, माफी धरून सात वर्षं आत राहून जूनच्या शेवटी सुटला. आणि ज्याला मारलं म्हणून शिक्षा झाली तो किसनमामा. तोही माझा मामाच, आईचा चुलतभाऊ. दोघांची वावरं शेजारी, मधे एक बांध. त्या वर्षी पाण्याच्या लोंढ्यात तो बांध फुटला आणि नव्यानं कुठून घालायचा यावरून सकाळी सकाळी जुंपली. दत्तामामाच्या हातात खोरं होतं. एकच घाव. किसनमामा दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

माझ्या लहानपणी आई लावणीच्या दिवसांत शाळा बुडवून आम्हाला माहेरी न्यायची. दत्तामामा मला खांद्यावर घेऊन वावरातून चालायचा, बांध आला की पलीकडं उभ्या किसनमामाच्या खांद्यावर द्यायचा. माझे पाय चिखलाला लागायचेच नाहीत. मुठे म्हणजे ते काळे खेकडे, ते बिळातून कसे काढायचे हे मला किसनमामानं शिकवलं आणि त्यांचा रस्सा कसा ओरपायचा ते दत्तामामानं. एक गेला, एक आत गेला. आमच्या घरात दोघांचीही नावं निघायची बंद झाली.

मामा सुटल्यावर चार दिवस आमच्याकडं धनकवडीला राहिला. पहाटे पाचला उठून अंथरूण-पांघरुणाची अशी चौकोनी घडी घालायचा की आईला रडू यायचं. बंद दारापाशी गेला की नुसता उभा राहायचा. आम्ही बघायचो, याला बाहेर जायचंय तर जात का नाही? मग कळलं. सात वर्षं एकही दार त्यानं स्वतःच्या हातानं उघडलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी म्हणाला, लावणी आली, जाया पायजे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सोबत मी.

भोर

भोरला उतरायचं कारण म्हणजे दार. खरंच. मामी सात वर्षं कामथडीला तिच्या माहेरी होती, गावातलं घर बंद, त्यात दाराला वाळवी लागलेली. मामाचा आतला दोस्त बबनमामा भोरात सुतारकाम करतो. त्यानं नवं दार करून ठेवलं होतं आणि स्वतःच्या टेम्पोतून पोचवणार होता.

एसटीतून उतरलो तर राजवाड्याच्या बाजूला ही गर्दी. कसलं तरी शूटिंग. भोरकरांना त्याचं काही नाही, भाजी घ्यायला जाता जाता बघतात आणि पुढं जातात. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात खाकीतले चार हवालदार टपरीवर आले. मामा ताडकन उभा राहिला. चहा तसाच, चपला काढून बाजूला सारलेल्या, हात मागं, मान खाली. त्यातला एक हवालदार मामाजवळ आला आणि म्हणाला, “काका, काडीपेटी आहे का?”

ते नट होते. बबनमामा आम्हाला शोधत तिथंच आला होता, त्यानं हे सगळं पाहिलं आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. “आरं दत्ता, त्याच्या खांद्यावरची पट्टी पुठ्ठ्याची हाय. अन् तू त्याला सलामी देतूय व्हय?” मामापण हसला. पण चपला घालायला त्याला वेळ लागला.

बबनमामाच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, सुकटीची चटणी. पुण्यात टाकळा मिळतो, पण मंडईतला टाकळा तो टाकळा नव्हे. बबनमामा पूर्वी विहिरींवरच्या मोटारी चोरायचा. तीन वेळा आत जाऊन आला. तिसऱ्या खेपेला आत सुतारकाम शिकला. मी लगेच म्हटलं, म्हणजे जेलनं सुधारलं की तुम्हाला. कारण मला एक जुनी खाज होती. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘तुरुंगामुळे गुन्हेगार सुधारतो’ या बाजूनं बोलून मी ढाल घेतली होती. टाळ्या पडल्या होत्या. माझा मामा आत आहे हे तिथं कुणालाही माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

बबनमामानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता जे सांगितलं ते ऐकून माझी ढाल मला फुकटची वाटायला लागली. म्हणाला, पहिल्या खेपेला भीती वाटली ती पहिले चार दिवस. मग कळलं की हितंबी माणसंच हाईत. दुसऱ्या खेपेला तर ओळखीचे भेटले. सुतारकाम शिकलो हे खरं, पण सुटल्यावर वर्षभर कुणी कामाला उभं करेना. रंधा मारता येतो पण दुकानात कोण घेतं?

“मग?” मी.

“मग हितल्या एका म्हाताऱ्या वखारवाल्यानं घेतलं. पयल्याच दिवशी सांजच्याला त्यानं वखारीची चावी माझ्या हातात दिली अन् म्हनला, कुलूप लाव, सकाळी लवकर येऊन उघड. मी म्हनलं, शेठ, माझं म्हाईत हाय नव्हं तुमास्नी? तर म्हनला, म्हाईत हाय म्हून तर दिली. मला गुडघ्यानं सकाळी लवकर येववत न्हाई.” बबनमामानं हातातला तुकडा ताटात ठेवला. “पोरी, त्या चावीचं वझं जेलपेक्षा लई व्हतं बघ.”

त्याची बायको वाढता वाढता म्हणाली, पण सुतारकाम आलं कुठनं, तेबी सांगा की. आत नसतं शिकवलं तर वखारीत काय लाकडं मोजली असती? बबनमामा म्हणाला, ते बी खरं. मामा भाताचं शीत शीत वेचून खात होता.

भाटघर

टेम्पोत पुढं आम्ही तिघं, मागं दार, दारावर निळा प्लास्टिकचा कागद. रस्त्यात माणसं बघत होती, कारण नुसतं दार घेऊन जाणारा टेम्पो तसा कमीच दिसतो. मामा म्हणाला, जरा भाटघरला घे. बबनमामानं वाट वाकडी केली.

धरणाच्या कडेला उभे राहिलो. पाणी चढायला लागलेलं, पलीकडचे डोंगर ओले काळे, ढग खाली लोळत होते. लहानपणी दोन्ही मामा आम्हाला इथं आणून भुईमुगाच्या शेंगा खायला घालायचे, टरफलं पाण्यात टाकून कुणाचं लांब जातं ते बघायचो. मी ते आठवत होते तर शेजारी मामा कपाळ दाबून खाली बसला.

काय झालं विचारलं तर म्हणाला, “लांबचं बघायची सवय गेली. आत कुठंबी बघा, पंधरा-वीस पावलांवर भिंत. डोळं दुखाया लागलं.” मग तो थोडं थोडं बघायला लागला. आधी पायाजवळचं पाणी, मग मधली होडी, मग पलीकडचा काठ. पंधरा मिनिटं लागली असतील त्याला पलीकडच्या डोंगरापर्यंत पोचायला. मी कुठल्याही किल्ल्यावर एवढ्या नीट कधी चढले नाहीये.

तिथंच मी त्याला विचारलं. स्पर्धेपासून विचारायचं होतं, धीर होत नव्हता. मामा, त्या वेळी तुला जेल आठवलं नाही का रे? शिक्षा होईल, असं?

“न्हाई.” मग पलीकडच्या डोंगराकडं बघत म्हणाला, “हातात खोरं असलं की मानूस वर्सं मोजत न्हाई. मला बांध दिसत व्हता फकस्त. किसन बी दिसला न्हाई.”

कानंदीच्या खोऱ्यात

कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर आणि मग वेल्ह्याचा रस्ता. तिथून पुढं मला लिहिताना कसंतरी होतं, कारण प्रत्येक वळण पाठ आहे. त्या वळणावर मला उलटी व्हायची. त्या पुलावर दादाची टोपी उडाली. नसरापूर मागं पडलं की हवाच बदलते, शेणाचा, ओल्या गवताचा, धुराचा वास येतो आणि मी आपोआप आठ वर्षांची होते. गावाचं नाव लिहीत नाही. वेल्ह्याच्या पुढं, एवढं पुरे.

मामी पेरणीपासून गावात येऊन राहिली होती. आम्हाला बघून एवढंच म्हणाली, “आलात व्हय.” आणि चुलीकडं वळली. बबनमामानं संध्याकाळपर्यंत दार बसवलं, चहा प्यायला आणि गेला. जाताना मामाला म्हणाला, दत्ता, कडी आतनं बी हाय अन् भायेरनं बी, दोन्ही तुझ्याच हातात.

आता कामाचं सांगते. मामीनं तरवा, म्हणजे भाताची रोपं, छान वाढवली होती. लावायला झाली होती. वावर तीन वर्षं पडीक. त्याआधी मामीचे भाऊ कामथडीहून येऊन लावून द्यायचे, मग त्यांनाही जमेना. तिघांनी मिळून एवढं वावर लावणं म्हणजे आठवडा, आणि तोवर रोपं हाताबाहेर गेली असती. यासाठीच त्या खोऱ्यात इर्जिक असते. ज्याच्या वावरात काम असेल त्याच्याकडं गावातल्या प्रत्येक घरातून एकेक माणूस येतो, एका दिवसात सगळं उरकून टाकतात. पैसे नाहीत. मालक जेवण घालतो आणि प्रत्येकाच्या इर्जिकीला आपल्या घरचं माणूस पाठवतो. आता बैलांच्या जोड्यांऐवजी टिलर येतो, पण रोप लावायला माणसाचे हात लागतातच. मामा आत गेल्यापासून मामीच्या वावराला इर्जिक झालेली नव्हती. झाली तर मामा गावात परत आला असं म्हणायचं. नाही झाली तर दोघांनी कामथडीला जाऊन मजुरी करायची, असं मामीनं मनाशी ठरवलेलं होतं. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता अगदी सहज सांगितलं.

आणि मग मी माती खाल्ली.

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी त्यात आहे, आईच्या ऐवजी. मला वाटलं, किती सोप्पंय! मामाला कुणाला तोंड दाखवायला लाजायला नको, आपणच सांगून टाकू. आणि मी झटकन टाईप केलं, ‘उद्या दत्तामामांच्या वावरात इर्जिक आहे. सर्वांनी अगत्य यावे.’ वर दोन हात जोडलेले. कुणालाही न विचारता. नंतर मामा-मामीला सांगितलं की इर्जिक गावाला कळवलीय. त्यांना वाटलं, पोरगी दूध आणायला गेली तेव्हा नानांना सांगून आली असेल. नाना म्हणजे गावातले म्हातारे, त्यांचा शब्द चालतो.

उत्तर एकच आलं. मुंबईला असणाऱ्या कुणाचा तरी अंगठा.

सकाळी मामीनं आणि मामानं उजाडताच रोपं उपटून मुठी बांधल्या. टिलरवाला चिखल करून गेला. आम्ही बांधावर उभे. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. शेजारच्या वाटेनं माणसं डोक्यावर कागद घेऊन जात होती, बघत होती आणि जात होती. उपटलेली रोपं मुळं पाण्यात बुडवून ठेवली तर तीन दिवस तग धरतात. चौथ्या दिवशी पिवळी पडतात, संपलं. वर्षाचा भात गेला.

अकराच्या सुमाराला नाना आले, काठी टेकत. मामाला म्हणाले, “दत्ता, गावात चोरून आलास का काय?”

मामाला कळेना. नानांनी नातवाचा मोबाईल पुढं केला. “इर्जिक अशी सांगत्यात? गावाला दारं हाईत. दाराव जायचं, उंबऱ्याभाईर उभं ऱ्हायचं, म्हनायचं एक मानूस धाडा. एक दार सुटलं तर इर्जिक मोडती. तू मोबाईलवर सांगितलंस ते कशापायी, ते काय आमाला कळत न्हाई? एक दार चुकवायचं व्हतं तुला.”

मामीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, नाना, ते मी केलं, मामाला माहीतही नाही. नाना म्हणाले, तुला काय बोलनार बाई, तू पाव्हणी. पण गावानं वाचलं ते दत्तानं धाडलं म्हून वाचलं.

मी चिखलातच बसले, खरंच. फोन हातातून सुटून चिखलात गेला तो मामीनं काढला, पदराला पुसला आणि मला न देता कमरेला खोवला. दोन दिवस तो तिथंच होता.

दारोदार

संध्याकाळी चार वाजता मामा निघाला. मी मागं. मामी म्हणाली, जा तू बी, तुझं निस्तर.

पंचवीस-तीस उंबरे असतील. प्रत्येक उंबऱ्याबाहेर मामा चपला काढून उभा राहायचा आणि एकच वाक्य म्हणायचा. त्यात पहिल्याच घरात कळलं की दुसऱ्या दिवशी हौसामामीची इर्जिक आहे. हौसामामी म्हणजे किसनमामाची बायको. तिनं सकाळीच गाव सांगून टाकलं होतं. म्हणजे मामाला परवाचं सांगावं लागणार. तेवढीच रोपांची मुदत.

लोक वाईट बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं. सगळे ‘बघू’ म्हणाले. एका काकूनं आत भाकरी कशी असते विचारलं. मामानं सांगितलं, चपाती मिळती पण तिला वास नसतो. तर काकू म्हणाली, मग तुझ्या बायकोच्या भाकरीला नावं ठेवायची सोय ऱ्हायली न्हाई आता. तिथं जरा हसले सगळे. एका घरात मामाच्या वर्गातला होता, त्यानं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाला, पोरं भेत्यात रं, रागावू नको. मामा म्हणाला, न्हाई रागावत.

नानांच्या पडवीत जरा बसलो. मी त्यांना विचारलं, नाना, मामा जेलमध्ये गेल्यानं गावाला काही फरक पडला का? नाना म्हणाले, पडला की. तवापासून बांधावर कुणी हात उचलला न्हाई. वाद झाला तर मोजणी बोलावत्यात, गप घरी बसत्यात. मग काठीनं जमिनीवर रेघ ओढत बसले आणि म्हणाले, “आता ते जेलच्या भ्यानं का किसनच्या तिरडीच्या भ्यानं, ते कुनाला ठावं. दोन्ही एका म्हैन्यातच बघितलं गावानं.”

हौसामामीचं दार शेवटी. मामानं मुद्दाम शेवटी ठेवलं असं नाही, ते ओळीतच शेवटचं आहे. मी तिथं हजारदा पळत गेलेय. हौसामामी मला गुळाचा खडा द्यायची, दुसऱ्या कुठल्या मुलाला नाही. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. सात वर्षांत केस पांढरे. मामा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बाकी सगळीकडं जे वाक्य म्हणाला ते इथं त्याला म्हणता येईना. तिनं वर बघितलं नाही.

“वैनी,” मामा शेवटी म्हणाला, “परवा इर्जिक हाय. एक मानूस धाडा.”

तांदूळ निवडायचं थांबलं नाही.

“एक मानूस,” ती म्हणाली. “माझ्या घरात एकच हाय. मीच. सात वर्सं गावाच्या इर्जिकीला मीच जाते, अन् माझ्या वावरात बी मीच. कोर्टानं तुमास्नी दहा वर्सं दिली, सरकारनं तीन माफ केली. मला कुनी इचारलं न्हाई काय पायजे. मला जेल नको व्हतं तुमचं. तुमी आत बसून सतरंज्या इनल्या, माझ्या वावरात त्याचा काय उपेग? मला एक मानूस पायजे व्हता चिखलात.”

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“आज सकाळी समद्या गावाला सांगून आले. एक दार सोडलं, तुमचं. म्या सोडलं, अन् तुमी मोबाईलवर सोडलं. फिटंफाट झाली असती.” मग तिनं सूप खाली ठेवलं. “पर आता तुमी दाराव आलाय, तर मला बी सांगाया लागंल. उद्या माझी इर्जिक हाय. एक मानूस धाडा.”

मामानं मान हलवली. आम्ही परत फिरलो. अर्ध्या वाटेत तो पाणंदीच्या कडेला, करवंदीच्या जाळीपाशी बसला आणि खूप रडला. मी पहिल्यांदा पाहिलं.

तिचं वावर

दुसऱ्या दिवशी मामा उजाडायच्या आत जाऊन तिच्या बांधावर उभा होता. वावरात पाय घातला नाही, ती आली आणि बोट करून म्हणाली, त्या कोपऱ्यातनं धरा, तेव्हाच उतरला. तो कोपरा कुठला ते गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. किसनमामा तिथंच पडला होता.

मामाचा हात चांगला. चार-चार रोपांची चूड, सरळ ओळ, मागं मागं सरकत जायचं. बाकीच्या बायका गाणी म्हणत होत्या, चेष्टा चालल्या होत्या, माझ्या वाकड्या ओळींवरून तर दुपारपर्यंत खाऊन टाकलं मला. कुणी म्हणालं, ही ओळ का नागाची चाल? मामाच्या कोपऱ्यात मात्र कुणी गेलं नाही. तो एकटा वाकून होता. कंबर सरळ करायलाही थांबला नाही.

जेवायला सगळे पडवीत बसले. आखाड चालू, म्हणजे मटण. हौसामामीनं ओळीनं वाढलं, मामाच्या पानातही. दोन वाट्या रस्सा, दोन भाकरी, जसं सगळ्यांना. इर्जिकीला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. मामानं सगळं संपवलं. कसं संपवलं ते मी शेजारून बघत होते, प्रत्येक घासाबरोबर पाणी.

घरी आल्यावर मामीनं आमच्या रोपांच्या मुठी तपासल्या. टोकं पिवळी व्हायला लागली होती.

मामाचं वावर

पाचवा दिवस. मामी रात्रीच वाटण वाटून बसलेली, गावाला पुरेल एवढं. आली नाहीत माणसं तर काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, तर मग तू, मी अन् तुझा मामा महिनाभर मटण खाऊ.

सात वाजता माणसं दिसायला लागली. खरंच आली. पण कुणीही वावरात उतरेना. पंधरा-वीस जण बांधावर, पाणंदीत, जांभळीखाली उभे. तंबाखू मळतायत, पावसाचं बोलतायत. नानासुद्धा. मला वाटलं, अरे, आलाच आहात तर उतरा की! मामानं कुणाला चला म्हटलं नाही. तो वावराच्या मधोमध मुठी टाकत होता, मान खाली.

मग हौसामामी आली. साडीचा काचा मारलेला, डोक्यावर कागद. दोन वावरांमधल्या त्या बांधावरून चालत आली, मामापासून सगळ्यात लांबच्या टोकाला उतरली, एक मूठ उचलली, सोडली आणि लावायला लागली.

त्यानंतर जे झालं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. एकापाठोपाठ एक, धडाधड, सगळे चिखलात. पाच मिनिटांत वावर भरलं. कुणी टिलरवाल्याला शिव्या देतंय, कुणी मला म्हणतंय पुण्याची पाव्हणी, तू नुसत्या मुठी दे, लावू नको. गाणं सुरू झालं. माझ्या लहानपणी हेच आवाज होते, त्यातले काही तर तेच गळे. मी मुठी फेकत पळत होते आणि मधेच थांबून डोळे पुसत होते, आणि चिखलाच्या हातानं पुसल्यामुळं दिसेनासं होत होतं.

तीनच्या आत वावर हिरवं झालं. हौसामामीच्या ओळी सगळ्यात सरळ. ती मामाच्या बाजूला एकदाही आली नाही, तोही गेला नाही.

जेवायला माणसं मामाच्या अंगणात बसली. बबनमामानं बसवलेलं नवं दार उघडं, मामी आतबाहेर करत वाढत होती. हौसामामी बसली नाही. हातपाय धुऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. मामी तिच्यापाशी गेली. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या, मला आई सांगायची की दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. आता सात वर्षांनी समोरासमोर.

मामी म्हणाली, “बसा की.”

“न्हाई. डबा भरून दे. घरी खाईन.” मग मामाकडं न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “हितं बसून खायाचं पुढल्या वर्साला बघू.”

मामा हातात पाण्याची घागर घेऊन उभा होता. “बरं वैनी,” म्हणाला.

मामीनं घरातला सगळ्यात मोठा पितळी डबा काढला, तिच्या लग्नातला. काठोकाठ भरला. हौसामामी तो काखेत धरून बांधावरून गेली, पाऊस लागला होता तरी सावकाश.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. मामीनं फोन परत दिला, त्यात पाणी गेलं होतं, मी हे दादाच्या लॅपटॉपवर लिहितेय. ढाल कपाटात आहे. ती बाजू खरी की समोरची, हे मला आता कुणी विचारलं तर मी सरळ म्हणेन, मला नाही माहीत, वेल्ह्याला जाऊन हौसामामीला विचारा.

काल मामीशी बोलले. रोपानं मूळ धरलंय, वावर गर्द झालंय. मी विचारलं, हौसामामीनं डबा परत दिला का? नाही म्हणाली. मामा आणायला निघाला होता, मामीनंच त्याला अडवलं.

“मागू नका म्हनलं. तिच्या घरात आपलं एक भांडं हाय. असूंदे.”